शीट काढून मिळेल

लातूरच्या ट्यूशन एरियातली ती पाटी आठवडाभर डोक्यातून जात नाही. ‘जर्नल, असाइनमेंट, ड्रॉइंग शीट काढून मिळतील’, खाली मोबाइल नंबर. त्याच खांबावर वरच्या अंगाला पर्सेंटाइलवाल्या मुलांचा बॅनर. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांचे चेहरे चौकात टांगू नयेत, हे मी इथं अनेकदा लिहिलं आहे आणि पुन्हा लिहीन. पण या वेळी राग खालच्या पाटीचा आहे. वरच्या बॅनरवरचं पोर इंजिनिअरिंगला गेलं की चार महिन्यांत त्याच खांबाशी परत येतं, या वेळी शीट विकत घ्यायला.

पहिलं वर्ष जड जातं, हे मला मान्य आहे. का जड जातं, तेही उघड आहे. दोन वर्षं या मुलाने सीईटीचा सराव केला. 180 मिनिटं, 150 प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय आणि चुकलं तरी गुण कापले जात नाहीत. म्हणजे उत्तर कागदावर आधीच असायचं, आपण ते ओळखायचं. लातूर पॅटर्न म्हणून ज्याचा आपण अभिमान बाळगतो, त्यात मेहनत प्रचंड आहे, ती मी नाकारत नाही. पण इंजिनिअरिंग ग्राफिक्सच्या पहिल्या तासाला या मुलासमोर कोरा कागद येतो आणि त्यावर एकही पर्याय छापलेला नसतो.

मला विचाराल तर अख्ख्या पहिल्या वर्षातली सर्वांत महत्त्वाची जागा ती आहे. लोखंडाचा एक ठोकळा, एका बाजूने पायरीसारखा कापलेला, डावीकडून उजवीकडे आरपार भोक. समोरून तो कसा दिसेल ते वर काढायचं, वरून कसा दिसेल ते बरोबर त्याच्या खाली. भोक समोरून दिसत नाही, पण आहे, म्हणून ते तुटक रेघांनी दाखवायचं. ती रेघ काढायला मुलाला डोळे मिटून ठोकळा मनात फिरवावा लागतो. पहिल्या दहा वेळा तो फिरत नाही. रबराने कागद काळा होतो, मिनी ड्राफ्टर सरकतो, पेन्सिलीचं टोक मोडतं. (पेन्सिलीला नीट टोक काढता न येणारी मुलं बारावी पास होतात, हा माझा जुना वैताग आहे.) अकराव्या वेळी ठोकळा फिरतो. ते सुख ज्याला मिळालं, त्याला पुढची तीन वर्षं फारशी भीती वाटत नाही.

हे सुख चोरायच्या यंत्राला मुलं ‘जीटी’ म्हणतात, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. पुस्तकांच्या दोन थप्प्या, त्यावर काच, खाली मोबाइलचा टॉर्च. काचेवर मित्राची शीट, तिच्यावर कोरी शीट, की गिरवायला सुरुवात. तासाभरात काम फत्ते. अशी शीट ओळखायला प्राध्यापक असावं लागत नाही. तिच्यावर आधाराच्या फिकट रेघा नसतात आणि खोडल्याची एक खूण नसते. मूळ शीटवर एक तुटक रेघ राहून गेली असेल, तर ती वर्गातल्या वीस शीटवर राहून जाते. पाटीवाल्या दुकानात हेच काम पैसे घेऊन होतं, एवढाच फरक.

यावर एका वडिलांनी मला सुनावलं, “आता सगळं ऑटोकॅडवर असतंय सर, हातानं कशाला काढायलेत?” या सबबीचा मला मनापासून तिटकारा आहे, कारण ती शहाणपणाचा आव आणते. पहिली गोष्ट, जीटी मारणारा मुलगा त्या वेळेत ऑटोकॅड शिकत नसतो. तो काचेवर वाकलेला असतो. दुसरी गोष्ट, ऑटोकॅडला तुम्ही सांगाल तिथं ते रेघ ओढतं. चुकीच्या जागी सांगितलंत तर चुकीच्या जागी, अगदी सरळ, देखणी आणि चुकीची रेघ. भिंतीच्या आत काय आहे, हे त्याला सांगणारं डोकं तुमचंच लागतं आणि ते डोकं कोऱ्या कागदावर तयार होतं. मग हेच वडील सॉफ्टवेअरचा क्लास लावतात. तिथंही पोर दुसऱ्याची फाइल उघडून नाव बदलून जमा करतं. तेव्हा काय म्हणायचं? आता सगळं एआय करतंय, असं म्हणतील. हे साधन जाईल तेव्हा सबब पुढच्या साधनावर जाऊन बसेल.

आणि ही सबब लातूर जिल्ह्यात तरी कुणी देऊ नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात किल्लारीत आणि आसपासच्या गावांत जी घरं कोसळली, ती बाहेरून भक्कम दिसायची. दीड-दोन हात रुंद दगडी भिंती, मातीत रचलेल्या, वर मातीचं जड माळवद. समोरून पाहिलं तर किल्ला. पण भिंतीचा सेक्शन काढला असता तर दिसलं असतं की आतली आणि बाहेरची दगडांची रांग वेगवेगळी उभी आहे, मधे नुसती भर आहे, आणि दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा आरपार दगड जवळपास कुठंच नाही. धक्का बसताच दोन्ही बाजू सुटल्या, माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो माणसं गेली. नंतर वाचलेल्या घरांच्या दुरुस्तीत भिंतींना भोकं पाडून आरपार दगडाचं काम करणारे काँक्रीटचे सांधे भरावे लागले. सेक्शन काढणं म्हणजे वस्तू मनात कापून आत पाहणं. पहिल्या वर्षाच्या मुलाला आपण हेच शिकवू पाहतो आणि तो कापलेला भाग दाखवणारी तिरपी रेघाटणी काचेवरून गिरवतो.

बाकीच्या सबबी आहेतच. इंग्रजीचा प्रश्न खरा आहे, मराठी माध्यमातलं पोर पहिले तीन महिने भाषेशीच झुंजतं. त्याला शब्द समजावून सांगायला हवेत, शीट आयती द्यायला नको. मेसचं जेवण, घरची आठवण, हेही खरं. ‘सगळेच करतात’ याला मी उत्तर देत नाही.

1981 साली नांदेडला विष्णुपुरीत गुरु गोविंदसिंगजींच्या नावाची अभियांत्रिकी संस्था सुरू झाली, तेव्हा औरंगाबाद किंवा पुणे न परवडणाऱ्या घरांना केवढा आधार झाला! आज मराठवाड्यात जागांची ओरड नाही. मिळालेली जागा मुलं गिरवण्यात घालवतात, म्हणून तर त्यांच्यासाठी एवढा जीव तुटतो. चुकीची शीट घेऊन आलेलं पोर मला चालेल. नापास झालेलंही चालेल, पुन्हा बसेल, बॅक काढेल. गिरवलेली शीट मात्र चालणार नाही.

कॉलेजांनी फार काही करायची गरज नाही. शीटवर सही करण्याआधी एखाद्या तुटक रेघेवर बोट ठेवून विचारावं, ही कशाची? ज्याने काढली तो सांगेल. पण हे विचारायचं कुणी? अनेक ठिकाणी ग्राफिक्स शिकवणारा तासिका तत्त्वावर आहे. त्याला शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात, साठ शीट घेऊन बसण्याचे मिळत नाहीत. तो गठ्ठा पुढ्यात ओढतो आणि सह्या करत सुटतो.