रिकाम्या हातांची प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या,

रात्रीचे साडेदहा वाजले आहेत. सासूबाईंची कूस बदलून झाली, पाठीला पावडर लावून झाली, उशाशी पाण्याचे भांडे ठेवून झाले. घर निजले आहे आणि मी तुझ्यापुढे बसले आहे. आज त्यांनी मला जे विचारले, तेच घेऊन आले आहे.

तुला ठाऊक आहे, चौतीस वर्षे त्यांनी संडे स्कूल चालवले. मंडळीत कोणाच्या घरी दुखणे आले की यांचा डबा तिथे पोहोचलेला असायचा. गेल्या दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आज दुपारी पेज भरवताना त्यांनी डाव्या हाताने माझे मनगट धरले आणि एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, “आता माझ्या हातून काहीच होत नाही. प्रभूला काय दाखवू?”

मी म्हटले, “आई, तारण कृपेने आहे, विश्वासाने आहे. दाखवायचं काही नसतं.”

उत्तर बरोबर होते. लहानपणापासून तेच शिकले आहे. पण ते माझ्या तोंडून इतके सहज निघाले की माझे मलाच बोचले. त्याच उत्तराच्या आड मी किती वेळा लपले, हे तू पाहिले आहेस.

प्रभू, ती डिसेंबरची रात्र तुझ्यापुढे मांडते. दवाखान्यात माझी ड्यूटी नुकतीच संपली होती. व्हरांड्यात एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. आत तिच्या सुनेचे बाळंतपण चालले होते. अंगावर विरलेले लुगडे, पाय पोटाशी घेतलेले. “बाई, एखादी चादर मिळंल का?” तिने विचारले. चादरींच्या कपाटाची किल्ली माझ्याच खिशात होती. पण चर्चमध्ये नाताळच्या गीतांची तालीम होती आणि मला उशीर होत होता. मी म्हटले, “काळजी करू नका, मी प्रार्थना करते.” आणि मी केलीही, प्रभू. चालता चालता केली. पावलागणिक खिशात किल्ल्यांचा जुडगा वाजत होता.

तुझ्या सेवकाने, याकोबाने, आपल्या पत्रात नेमके हेच माणूस उभे केले आहे. उघड्याला ऊब मिळो म्हणायचे, उपाश्याचे पोट भरो म्हणायचे आणि हाताने काहीच द्यायचे नाही. ते पत्र मी कितीदा वाचले होते. त्यातली मी मला दिसले नव्हते.

त्यानंतर मी उलट्या बाजूला घसरले. तेही पाप आज कबूल करते. मी हिशेब ठेवू लागले. जादा रात्रपाळ्या किती केल्या, दशांशावर अर्पण किती टाकले, किती पेशंटांच्या घरी जाऊन आले. तू जणू सावकार होतास आणि मी हप्ते फेडत होते. एका चादरीचे देणे मी शेकडो चादरींनी फेडू पाहिले. पण जिव्हारी बसलेली ती थंडी काही गेली नाही. ज्यांना मदत केली त्यांचे चेहरेही मला नीट आठवत नाहीत, कारण त्यांच्याकडे बघताना माझे लक्ष माझ्याच वहीकडे होते.

म्हणून तुझे आभार मानते की तू आम्हाला पौलही दिलास आणि याकोबही. दोघे अब्राहामालाच साक्षीला बोलावतात. पौल आम्हाला त्या रात्रीकडे नेतो, जेव्हा तू अब्राहामाला आकाशातले तारे दाखवलेस आणि हाती काहीही नसताना त्याने तुझ्या शब्दावर भरवसा ठेवला. याकोब आम्हाला त्या डोंगरावर नेतो, जिथे त्याच अब्राहामाने इसहाकाला वेदीवर ठेवले. ताऱ्यांखाली धरलेला भरवसा डोंगरापर्यंत पायी चालत गेला. किल्ली खिशात ठेवणाऱ्या मला याकोब हवा होता, वही ठेवणाऱ्या मला पौल हवा होता. आणि तू दोघांनाही एकाच पवित्र शास्त्रात ठेवलेस. इफिसकरांस पत्र लिहिताना पौलाने तर दोन्ही गोष्टी लागोपाठ सांगितल्या: तारण ही तुझी देणगी, आमच्या कर्मांची कमाई नव्हे, आणि लगेच पुढे, तू आम्हाला घडवलेस ते सत्कृत्यांसाठीच.

पित्या, याच गोष्टीवरून तुझी लेकरे भांडली. मार्टिन ल्यूथरने १५२२ मध्ये नवा करार जर्मनमध्ये आणला, तेव्हा कृपेवरच्या प्रेमापोटी त्याने याकोबाच्या पत्राला पेंढ्याची उपमा दिली. १५४७ मध्ये कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेने आपली बाजू ठरवली आणि दार लागले. मग किती पिढ्या एकमेकींना परक्या मानत गेल्या. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग इथे कॅथलिक आणि ल्यूथरन एका टेबलाशी बसले आणि एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या: आमच्या कोणत्याही लायकीमुळे नव्हे, तर केवळ कृपेने तू आम्हाला स्वीकारतोस, आणि स्वीकारलेल्यांना सत्कृत्यांसाठी बळ देतोस. त्या सह्यांबद्दल तुझे आभार. अजून जिथे जिथे दार लागलेले आहे, तिथे ते तू उघड.

मला मात्र हे प्रसूतिगृहात उमगायला हवे होते. बाळ बाहेर आले की आम्ही सगळ्या गप्प होत असू; कान फक्त रडण्याकडे. रडले नाही तर घशातला चिकटा काढायचा, टॉवेलने पाठ चोळायची, तळव्याला टिचकी मारायची. मग तो पहिला टाहो फुटायचा आणि निळसर अंगावर लाली चढायची. रडून कोणत्याही बाळाने आपला जन्म कमावला नाही. कळा आईने सोसल्या, रक्त आईचे गेले. पण ते रडेपर्यंत आमच्याही जिवात जीव नसायचा. प्रभू, माझ्या नव्या जन्माच्या कळा तुझ्या पुत्राने वधस्तंभावर सोसल्या. माझी सेवा म्हणजे त्या जन्माचा श्वास. तो विकून मी जन्म विकत घ्यायला निघाले होते, याची मला क्षमा कर.

तुझी दासी पंडिता रमाबाई, तिच्यासाठी तुझे आभार. लंडनच्या फुलम भागात समाजाने टाकलेल्या स्त्रियांना जवळ घेणाऱ्या भगिनी तिने पाहिल्या, आणि ही माया कुठून येते हे विचारता विचारता ती तुझ्या पुत्रापाशी आली. म्हणजे दुसऱ्यांच्या सत्कृत्यांनी तिला विश्वासाची वाट दाखवली. १८८३ मध्ये तिचा बाप्तिस्मा झाला, १८८९ मध्ये तिने शारदासदन उघडले. तरी तिला मनाची शांती नव्हती. धर्म हाती आला पण ख्रिस्त भेटायचा राहिला, असे तिने पुढे स्वतःच सांगितले. मग तिला कळले की काहीही न कमावता, आहे तशी, ती तुझी आहे. हे कळल्यावर ती स्वस्थ बसली का? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली-विधवा तिने आणल्या, केडगावला मुक्ती मिशन उभे केले. फेडायचे काही उरले नव्हते, म्हणून तिचे दोन्ही हात द्यायला मोकळे झाले होते.

आणि आता, पित्या, आज संध्याकाळी जे घडले ते. तू पाहिलेस, तरी मला बोलायचे आहे. भांडी घासायला येणारी बाई पावसात चिंब भिजून आली. ती दारातच पदर पिळत उभी राहिली. मी माझ्याच विचारात होते, सासूबाईंना उत्तर कसे द्यावे या विचारात. तेवढ्यात खाटेवर हालचाल झाली. सासूबाई डाव्या हाताने पायावरची शाल ओढत होत्या. एकदा सुटली, दुसऱ्यांदा अडकली, तिसऱ्यांदा निघाली. ती त्यांनी खाटेच्या कडेला ढकलली आणि त्या बाईकडे बघून एकच शब्द बोलल्या, “पूस.”

मग डोळे मिटून घेतले. आपण काही केले, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

तेव्हा मला मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातले तुझ्या पुत्राच्या उजवीकडचे लोक आठवले. त्यांनाही आश्चर्यच वाटते ना? आम्ही तुला उपाशी कधी पाहिले, उघडा कधी पाहिले? त्यांच्यापाशी वहीच नव्हती. आणि तुझ्या पुत्राच्या शेजारी टांगलेला तो चोरही आठवला. हातापायांनी काही करण्याची सोय नव्हती. एक जीभ तेवढी मोकळी होती, आणि तिने तो निर्दोषाच्या बाजूने बोलला. भरवशाला एवढीशी जागा मिळाली तरी त्याने तेवढ्यात काम केले.

प्रभू, उद्या सासूबाईंनी पुन्हा विचारले, तर पाठ केलेले उत्तर माझ्या तोंडी येऊ देऊ नकोस. त्यांचा डावा हात हाती घेऊन सांगायला मला शब्द दे. अंथरुणाला खिळलेल्या, आपण कुणाच्या उपयोगी नाही असे वाटणाऱ्या प्रत्येकाला कळू दे की तू त्यांना कामासाठी ठेवून घेतले नव्हतेस. जे सेवा करून करून थकले आणि आतून भ्याले आहेत, त्यांना विसावा दे. जे माझ्यासारखे नुसती प्रार्थना करून पुढे निघून गेले, त्यांना मागे फिरव.

त्या म्हातारीचे नाव मी विचारले नव्हते. तुला ठाऊक आहे. तिने ती रात्र कशी काढली, तेही तूच जाणतोस. तिची क्षमा मागायला मला आता वाट नाही, म्हणून तुझ्यापाशी मागते. माझी वही घे. किल्लीही तुझी आहे. ती कधी, कोणासाठी काढायची हे मला वेळेवर दिसू दे.

शाल दोरीवर वाळत घातली आहे. सकाळी त्यांच्या पायांवर पुन्हा घालीन.

तुझा पुत्र, आमचा तारणारा प्रभू येशू ख्रिस्त, त्याच्या नावाने मागते. ऐक.

आमेन.