बरें झालेल्यानें काय करावें?

शास्त्रपाठ : फिलिप्पैकरांस २:२५-३०



ज्या घरांतील माता, पिता किंवा लेंकरूं हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर मरणाच्या दारांतून परत आलें, त्या घरच्या आनंदास पारावार नसतो. मंडळी उपकारस्तुतीसाठीं जमते, दान आणिलें जातें, आणि परधर्मी शेजारीहि विचारपूस करावयास येतात. अशा वेळीं आपण काय बोलतों व पुढें कसें वागतों, यावरून आपला विश्वास कसा आहे हें दिसून येतें. एपफ्रदीत मरणोन्मुख झाला होता व तो बरा झाला, हें वर्तमान पौलानें फिलिप्पैच्या मंडळीस लिहिलें. त्यावरून आपण तीन गोष्टी शिकूं.

पहिली गोष्ट ही कीं, बरें होणें ही दया आहे, मजुरी नव्हे. देवानें एपफ्रदीतावर दया केली, आणि दुःखावर दुःख येऊं नये म्हणून मजवरहि केली, असा पौलाचा भाव आहे. एपफ्रदीताचा विश्वास मोठा म्हणून तो वांचला, असें तो म्हणत नाहीं. त्याच पौलानें त्रफिमाला मिलेतांत आजारी ठेविलें होतें (२ तीमथ्य ४:२०). त्रफिमासाठीं प्रेषितानें प्रार्थना केली नसेल काय? म्हणून एका घरचा रोगी उठून बसला, आणि शेजारच्या घरची सून त्याच दुखण्यानें प्रभूकडे गेली, तर पहिल्या घरानें "आमचा विश्वास खरा ठरला" असें बोलूं नये. त्या बोलण्याचा घाव दुसऱ्या घराच्या जखमेवर बसतो. नवस फेडणारा देवाशीं सौदा करितो. आपण तर फुकट मिळालेल्या कृपेबद्दल उपकार मानणारे लोक आहों.

दुसरी गोष्ट ही कीं, देवाची दया बहुधा माणसांच्या हातून येते, आणि त्या माणसांस तिची किंमत द्यावी लागते. तारीख २६ मार्च १९५४ रोजीं अमेरिकेंतील मिनिआपोलिस शहरीं डॉक्टर लिलेहाय यांनीं सुमारें एका वर्षाच्या बालकावर शस्त्रक्रिया केली. त्याच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास भोंक होतें. तें शिवितांना रक्त शुद्ध करून शरीरांत फिरविणार कोण? त्या बालकाचा बाप निरोगी असतां शेजारच्या टेबलावर निजला. नळीवाटें लेंकराचें रक्त बापाच्या देहांत आलें, आणि तेथें शुद्ध होऊन पुनः लेंकराच्या देहांत गेलें. भोंक बुजविलें गेलें. तथापि अकराव्या दिवशीं फुप्फुसाच्या दाहानें तें बालक मरण पावलें. परंतु त्या मार्गानें पुढें इतर लेंकरें आपल्या घरीं परत गेलीं. १९५४ व १९५५ या सालांत अशा ४५ रोग्यांवर शस्त्रक्रिया झाली, आणि त्यांपैकीं २८ जण बरे होऊन रुग्णालयांतून बाहेर पडले. पुढें हृदयाचें व फुप्फुसांचें काम करणारें यंत्र सर्वत्र आलें, व निरोगी माणसास टेबलावर निजविण्याची गरज उरली नाहीं.

आज आपल्या घरचें जें माणूस बरें झालें, तें त्या आईबापांच्या व न वांचलेल्या लेंकरांच्या वाटेनें चालत आलें आहे. मग आपल्या आनंदांत शोक करणाऱ्यांस जागा नको काय? आणि लेंकरासाठीं स्वतः टेबलावर निजणारा बाप पाहून, आपल्यासाठीं वधस्तंभावर आपलें रक्त देणाऱ्या प्रभूची आठवण कोणाला होणार नाहीं? त्या बापाचें रक्त थोडा वेळ पुरलें. प्रभूचें रक्त सर्वकाळ पुरतें.

तिसरी गोष्ट ही कीं, परत मिळालेला जीव ही ठेव आहे. शिमोनाची सासू तापांतून उठतांच घरच्यांची सेवा करूं लागली (मार्क १:२९-३१). परंतु हृदयाच्या रोग्यास लागलीच पाणी भरावयास किंवा मोळी उचलावयास लावूं नये. चिरलेलें छातीचें हाड सांधावयास कित्येक आठवडे लागतात. त्याची पहिली सेवा म्हणजे प्रार्थना, आणि दुसरी म्हणजे औषध नेमानें घेणें. ज्यास यांत्रिक झडप बसविली आहे, त्यास रक्त गोठूं न देणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, व रक्ताची तपासणी वरचेवर करावी लागते. ज्या ऱ्हुमॅटिक तापानें सांधे सुजतात, त्यानेंच पुष्कळ मुलांच्या हृदयाच्या झडपा बिघडतात. अशा मुलास दर तीन-चार आठवड्यांनीं पेनिसिलिनची सुई टोंचून घ्यावी लागते, आणि ती कित्येक वर्षें चालते. "प्रार्थना ऐकिली गेली, आतां गोळी कशाला?" असें म्हणणें हा विश्वास नव्हे, ती दिलेल्या दयेची हेळसांड आहे.

उपदेशक बंधूंनो, आपल्या मंडळींत असें कोणी असेल तर त्याच्या सुईची व तपासणीची तारीख आपल्या वहींत टिपून ठेवा. त्याच्या घरीं उपकारस्तुति झाल्यावर, ज्या घरीं खाट रिकामी झाली त्या घरींहि जा. तेथें फार बोलूं नका. बसा, आणि त्यांच्यासह रडा.

जो एपफ्रदीतावर दया करितो व त्रफिमालाहि विसरत नाहीं, तो देव आपणां सर्वांस जगण्यांत व मरण्यांत आपले करून ठेवो. आमेन.