वाटा कोणाचा, हिशेब कोणाकडे

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि लगेच ओरड सुरू झाली, की होतकरू भारतीय उद्योजकतेचा गळा घोटला. ही तक्रार मला मान्य नाही. हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८ मध्ये मुंबईत ड्रीम११ ही काल्पनिक क्रिकेट संघ निवडण्याच्या खेळाची कंपनी उभी केली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा खेळ जुगार नव्हे असं म्हटलं, २०२० मध्ये कंपनीने आयपीएलचं मुख्य प्रायोजकत्व २२२ कोटींना घेतलं, २०२३ मध्ये तिचं नाव भारतीय संघाच्या जर्सीवर आलं. यात बेकायदा काही नव्हतं. पण संघ निवडायला अक्कल लागते, या युक्तिवादाने खेळणाऱ्याचा प्रश्न सुटतो, संचालकाचा नाही. त्याची कमाई अकलेवर चालत नव्हती. जमलेल्या प्रवेश शुल्कातून आधी आपला वाटा काढायचा, मग उरलेलं वाटायचं. जिंको कोणीही.

नागपुरात बर्डीवर मुंजे चौकाच्या अलीकडे चहाच्या टपरीवर हे मी जवळून पाहिलं आहे. कापड दुकानातला पोरगा नाणेफेक होईपर्यंत थांबायचा, अंतिम अकरा जाहीर झाले की धावपळीत कर्णधार बदलायचा आणि ४९ रुपये भरायचा. त्याचा क्रिकेटचा अभ्यास खरोखर दांडगा होता. महिनाअखेर मात्र मालकाकडे उचल मागायची वेळ त्याच्यावर यायची.

आधी आपला वाटा काढण्याचा हा धंदा नवा नाही. आर. एम. डी. चमारबागवाला नावाचे गृहस्थ अशाच एका कंपनीचे संस्थापक आणि व्यवस्थापकीय संचालक होते. कंपनी म्हैसूर संस्थानात नोंदवलेली, शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा छापणारं साप्ताहिक बंगळूरचं, पण गिऱ्हाईक भरपूर मुंबई राज्यातलं. एकेका संकेताला एकाहून जास्त शब्द बसत. बरोबर कोणता, ते आयोजकांनी आधीच ठरवलेलं. मुंबई सरकारने कर लावला तेव्हा संचालकांचं म्हणणं असं, की आमचा धंदा तुमच्या हद्दीबाहेरचा आहे आणि व्यापाराचं स्वातंत्र्य आम्हालाही आहे. ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या पीठाने दोन्ही मुद्दे फेटाळले. ऋग्वेदातल्या जुगाऱ्यापासून मनूपर्यंतचे दाखले देत, जुगार हा व्यापार नव्हेच, असं ठरवलं. लोक उद्धृत करतात ते हे दाखले. मला त्याहून मोलाचा वाटतो हद्दीचा निकाल. न्यायालयाने छापखाना कुठे आहे एवढंच पाहिलं नाही. प्रवेशपत्रं आणि शुल्क मुंबई राज्यातल्या केंद्रांवर गोळा होतं, हे पाहिलं. पैसा जिथे उचलला जातो तिथे जबाबदारी लागू होते, हा त्यातला खरा धडा.

आणि इथेच बंदीबद्दलचं माझं समाधान डळमळतं. नव्या कायद्यात खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, बँकांनी असे व्यवहार करू नयेत असंही कलम आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे सगळं योग्यच. पण ज्याचं कार्यालय मुंबईत, ज्याचे हिशेब लेखापरीक्षकाकडे, ज्याच्याकडून जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर कापून घेता येत होता, त्याने दुसऱ्या दिवशी दुकान आवरलं. ज्याला पत्ताच नाही, त्याचं काय? जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने तक्रार दिली, की ऑनलाइन जुगारात आपली ५८ कोटींची फसवणूक झाली. गोंदियातल्या छाप्यात पोलिसांना कोट्यवधींची रोकड आणि सोनं सापडलं, संशयित तोवर दुबईला निघून गेल्याचं पोलिसांनी सांगितलं. इथे ना कौशल्याचा वाद, ना संचालक मंडळाची बैठक. होत्या त्या लिंका आणि बँक खाती.

खाती भाड्याने मिळतात. बेकार पोरं महिन्याच्या काही हजारांवर पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम देऊन टाकतात, आणि गुन्हा दाखल झाला की पहिलं नाव त्यांचंच येतं. कायदा राबवणाऱ्यांनी पहिला हात या खात्यांच्या मागे पैसा उचलणाऱ्यापर्यंत पोचवायला हवा, मग तो दुबईत बसलेला असो की कंपनीच्या कागदावर संचालक म्हणून सही करणारा असो. खातं देणाऱ्या पोराला आरोपी करून फाइल बंद करण्याची सवय मोडली नाही, तर १९५७ चा निकाल न्यायालयात जिंकून बर्डीवर हरल्यासारखा होईल, आणि टपरीवरचा तो पोरगा जर्सीवरचं नाव पुसलं गेल्यावरही तसाच पैसे भरत राहील, फक्त आता पावतीशिवाय.