फुलाची वेळ आणि कॅमेरा

महाराष्ट्रातल्या घरबागांमधला वसंत भर उन्हात येतो. मोगरा, मधुमालती, बोगनवेल, चाफा यांचा बहर माती तापू लागली की जोर धरतो. त्यामुळे चैत्र-वैशाखातल्या फुलांचे छायाचित्रण म्हणजे आधी उन्हाशी केलेली तडजोड. एप्रिलमध्ये सूर्य साडेसहाच्या आत उगवतो आणि नऊच्या सुमारास ऊन इतके कडक होते की पांढऱ्या पाकळीवरचे बारकावे पुसले जातात, सावल्या काळ्याकुट्ट पडतात. यावरचा उपाय मात्र स्वस्त आहे. झाडावर पातळ पांढरा पंचा धरला की ऊन मऊ होते. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा केला की तिथेही थोडा उजेड परततो.

रंगांची अडचण याहून चिवट. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे असेल असे गृहीत धरून चालतो. मोगऱ्याच्या फुलाने चौकट भरली तर तो ते मळकट करड्या रंगाचे करून ठेवतो. तेच फूल गर्द पानांमध्ये लहानसे असेल तर पानांसाठी उजेड वाढवतो आणि फुलाचा नुसता पांढरा डाग उरतो. लाल जास्वंदीत घोटाळा वेगळा. तिथे एकूण उजेड योग्य असूनही फक्त लाल रंगाची नोंद सेन्सरच्या मर्यादेबाहेर जाते, शिरा आणि घड्या नाहीशा होतात आणि पाकळी रंगीत कागदासारखी सपाट दिसते. एक्स्पोजर थोडे कमी ठेवले तर चित्र काळसर येते, पण पाकळीचा पोत वाचतो.

जवळून टिपताना फोकसची खोली फारच आटते. पूर्णाकार सेन्सरवर फूल प्रत्यक्षाएवढे उमटवायचे असेल, तर एफ/८ ला जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. जास्वंदीची केसरनळी पाकळ्यांच्या कितीतरी पुढे आलेली असते, म्हणजे समोरून काढलेल्या चित्रात परागकोश किंवा पाकळी यांतले एकच स्पष्ट मिळणार. बाजूने पाहिले तर सगळी नळी एका प्रतलात येते. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड इथे हमखास फसतो: पार्श्वभूमी पुसट करताना तो बारीक पुंकेसरांची टोकेही पुसून टाकतो.

ही सगळी तंत्रे कुठल्याही उद्यानात चालतात. घरच्या बागेची खरी देणगी वेगळी आहे. तिथे फुलाची वेळ गाठता येते. फुलांची बहुतेक छायाचित्रे फुलाला केवळ आकार मानतात. बर्लिनच्या कार्ल ब्लॉसफेल्ट या कलाशिक्षकाने स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने कळ्या, कोंब, देठ साध्या पार्श्वभूमीवर मोठे करून टिपले. १९२८ मध्ये पुस्तकरूपाने आलेली ती चित्रे थोर आहेत, पण त्यांतल्या वनस्पतींना ना सकाळ आहे ना संध्याकाळ. कलाविद्यार्थ्यांना आकार शिकवण्यासाठी ते योग्यच होते. छायाचित्रकार इमोजेन कनिंगहॅमची गोष्ट घरबागेच्या जवळची. १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये तीन लहान मुलांना सांभाळताना घर सोडणे जमेना, तेव्हा ती अंगणातल्या झाडांकडे वळली. त्यातूनच १९२५ च्या सुमारास तिचे मॅग्नोलियाचे प्रसिद्ध चित्र आले. (आपला सोनचाफा त्याच कुळीतला.)

मोगरा उमलतो संध्याकाळी, उजेड संपत आल्यावर. सकाळच्या छान प्रकाशात जो टिपला जातो तो आदल्या रात्रीचा मोगरा, आणि लवकरच त्यावर जांभळट झाक येऊ लागते. उमलता मोगरा हवा असेल तर तिन्हीसांजेला तिवई लावून, वारा पडण्याची वाट बघत बसावे लागते. जास्वंद सकाळी उघडते आणि बहुधा त्याच संध्याकाळी मिटते. शिवाय मराठी घरात छायाचित्रकाराला एक प्रतिस्पर्धी असतोच: पूजेची परडी. गणपतीसाठी जास्वंद पहाटेच खुडली जाते, गजऱ्यासाठी मोगरा कळी असतानाच. उशिरा उठणाऱ्याच्या कॅमेऱ्यासाठी झाडावर उरते ते पानाआड राहून गेलेले फूल, आणि तेच पुष्कळदा अधिक चांगले चित्र देते, कारण त्याच्याभोवती पाने, काड्या, एखादी मुंगी असा त्याचा सगळा शेजार असतो.

वेळेच्या दृष्टीने मधुमालतीइतके श्रीमंत फूल घरबागेत दुसरे नाही. ते संध्याकाळी पांढरे उमलते, मग गुलाबी होते आणि पुढच्या एकदोन दिवसांत लाल. पहिल्या रात्री त्याच्याकडे निशाचर पतंग येतात, रंग चढल्यावर मधमाश्या आणि फुलपाखरे. एका झुबक्यात तिन्ही रंग एकदम दिसतात, म्हणजे दोनतीन दिवस एकाच चौकटीत मावतात. पण हे कळायला एकाच झुबक्याचे चित्र रोज त्याच कोनातून घ्यायला हवे. एरवी ती केवळ रंगांची मजा वाटते. बोगनवेलीत असाच एक चकवा आहे. दुरून दिसतो तो रंग सहपत्रांचा. खरे फूल म्हणजे त्यांच्यामधली इवलीशी फिकट नळी, आणि ती उमललेली आहे की नाही हे बहुतेक छायाचित्रांत कळतही नाही.

मे फ्लॉवरचा लाल गोळा तर वर्षभराच्या प्रतीक्षेने येतो. कांद्यातून साधारणपणे एकच दांडा, आणि काही दिवसांत सारे संपते. अशा फुलाचे चित्र चुकले तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबणे आले. त्याच कुंडीची ओळीने काही वर्षांची छायाचित्रे असतील, तर त्यांतून बहर कधी आला, वळवाच्या सरीआधी की नंतर, हे दिसू लागते. भारतात सीझनवॉच हा लोकसहभागाचा उपक्रम झाडांची पालवी, फुले आणि फळे यांच्या अशाच नोंदी नियमित निरीक्षणातून गोळा करतो. अशा कामी चित्र सुंदर असण्याची गरज नाही. फूल ओळखू यावे, चौकटीत सगळी फांदी यावी म्हणजे किती कळ्या उमलल्या ते मोजता येईल, आणि मोबाइलमधली तारीख बरोबर असावी.