सौभद्रातील श्रीकृष्ण आणि सुभद्रेचे दुःख

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ १८८२ साली पुण्यात रंगभूमीवर आले, त्या काळी शंभराहून अधिक पदांचे हे नाटक रात्र रात्र चाले आणि रसिकांना ते लांबल्यासारखे वाटत नसे. आज तेच नाटक तीन तासांत बसवू पाहणाऱ्या दिग्दर्शकाला कोणती पदे ठेवावी आणि कोणती गाळावी याचा हिशेब करावा लागतो. हा हिशेब वरवर व्यवहाराचा दिसला, तरी तो करताना एका प्राचीन प्रश्नाचा निकाल कळत-नकळत लावला जातो. आणि तो प्रश्न असा की, सर्व जाणणारा आणि सर्व घडवू शकणारा परमेश्वर आपल्या माणसांना रडू का देतो?

कथानक सर्वश्रुत आहे. बलरामाने सुभद्रा दुर्योधनाला देण्याचा निश्चय केला आहे, तिचे मन अर्जुनावर जडले आहे, आणि ती वार्ता ऐकून अर्जुन निराशेने त्रिदंडी संन्यास घेतो. श्रीकृष्णाने मात्र घटोत्कचाकरवी सुभद्रेला पळवून नेण्यापासून बलरामाच्याच हातून त्या यतीला घरी आणवण्यापर्यंत सगळा बंदोबस्त आपल्या मनाशी करून ठेवलेला असतो. या मसलतीतील सर्वांत हृद्य आणि सर्वांत कठोर प्रसंग म्हणजे थोरल्या भावाच्या हुकुमावरून सुभद्रा यतीच्या सेवेला येते तो. ज्याच्यासाठी ती झुरत असते, तोच भगव्या वस्त्रांत तिच्यासमोर बसलेला असतो, आणि ती मात्र परक्या साधूसमोर वागावे तशी मर्यादेने वागते. कृष्णाच्या एका शब्दाने तिचे दुःख सरले असते. तो शब्द तो उच्चारत नाही.

महाभारताच्या आदिपर्वात हा पेच उद्भवतच नाही, कारण तेथे रैवतकावरील उत्सवात अर्जुन सुभद्रेला पाहतो, स्वयंवराच्या निकालाचा भरवसा नाही म्हणून कृष्णच हरणाचा सल्ला देतो, आणि सुभद्रेला काय वाटते हे कोणी विचारीत नाही. भागवताच्या दशमस्कंधात यतिवेष येतो, दुर्योधनाचा बेत येतो, परस्परांचे प्रेमही येते. परंतु आपल्या आजीचे लग्न कसे झाले, या परीक्षिताच्या प्रश्नाचे ते त्रोटक उत्तर आहे आणि अवघ्या काही श्लोकांत ते आटोपते. किर्लोस्करांनी या कथेत सुभद्रेचा विरह विस्ताराने घातला, तिच्या मुखी पदे दिली, आणि दुःखाला अशी वाचा फुटताच कृष्णाची लीला जाब देण्यास बांधली गेली.

वेदान्ताला हा जाब अपरिचित नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात सृष्टी ही ईश्वराची लीला होय असे सांगितल्यावर लगेच पुढच्या सूत्रात वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, या दोषांची शंका उपस्थित केली आहे, आणि जीवांच्या कर्माचा आधार घेऊन तिचे निरसन केले आहे. हे उत्तर शास्त्रदृष्ट्या कितीही भक्कम असो, सुभद्रेसमोर उभे राहून ते उच्चारण्यास जीभ धजत नाही.

या अडचणीतून सुटण्यासाठी कोणी कृष्णाचे देवपण उतरवून त्याला केवळ चतुर, मिस्कील भाऊ करू म्हणेल. आजच्या प्रेक्षकाला तो पटेल, अशी त्याची समजूत. माझ्या मते याने प्रश्न सुटण्याऐवजी बिघडतो, कारण शेवटाची शाश्वती स्वतःलाही नसताना बहिणीच्या अश्रूंवर डाव मांडणारा मनुष्य क्रूरच ठरतो.

सौभद्राने स्वतः दिलेले उत्तर प्रेक्षागृहात शोधावे लागते. शेवट गोड आहे हे प्रेक्षकाला कृष्णाइतकेच पक्के ठाऊक असते; तरीही भाऊराव कोल्हटकर सुभद्रेच्या भूमिकेत गात, तेव्हा जाणत्या प्रेक्षकालाही गहिवर आवरत नसे. ईश्वर दयाळू आहे हे यावरून सिद्ध होत नाही. पण जाणणे आणि कळवळणे ही एकाच अंतःकरणात नांदू शकतात, याचा दाखला मात्र मिळतो. प्रेक्षकाला हात पुढे करता येत नाही, कृष्णाला येतो, हा आक्षेप रास्त आहे. परंतु कृष्णाचा हात सदैव पुढेच असतो, सुभद्रेला तो दिसत नाही एवढेच. तो का दिसू नये, याचे उत्तर नाटक देत नाही, आणि न देण्यातच त्याचा प्रामाणिकपणा आहे.

म्हणून काटछाट करायचीच, तर घटोत्कचाच्या राक्षसी मायेच्या दृश्यांत करावी. सुभद्रेची विरहाची पदे घाईने उरकू नयेत, आणि तिच्या दुःखाच्या वेळी कृष्णाचे काम करणाऱ्या नटाने प्रेक्षकांकडे पाहून हशा मिळवू नये. कृष्णाचे देवत्व आणि सुभद्रेचे अश्रू ही दोन्ही ज्या प्रयोगात खरी राहतील, तोच प्रयोग आजच्या संशयी आणि संशयामुळेच अधिक गंभीर झालेल्या प्रेक्षकाला देण्यास योग्य आहे. कारण त्याच्या मनातला प्रश्न सुभद्रेच्याच प्रश्नासारखा आहे, आणि निदान तो पूर्णपणे ऐकला जावा एवढा त्याचा हक्क आहे.