बसायचे कुठे?

आमच्या शाळेच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे. तिथे बसलेल्या मुलांना आम्ही शिक्षक हटकतो. परवा दहावीतला एक मुलगा नम्रपणे म्हणाला, “सर, घरात आम्ही सात जण, खोली एकच. बसायचे कुठे?” आमच्याकडे उत्तर नव्हते.

हा प्रश्न सोळाव्या शतकातल्या इस्तंबूललाही पडला होता. १४५३ नंतर उस्मानी राजधानी झालेले हे शहर झपाट्याने वाढत होते. इतिहासकार पेचेवी इब्राहीम सांगतो की, १५५५च्या सुमारास हलबचा हकम आणि दमिश्कचा शम्स यांनी तिथे कहवाखाने उघडले. कोणी पुस्तक वाची, कोणी बुद्धिबळ खेळे, शायर नवी रचना ऐकवी. घर, मशीद आणि बाजार यांखेरीज बसायला आणखी एक जागा झाली.

लगेच तक्रार आली की, मशिदी ओस पडल्या. काही उलेमांनी कहवाच हराम ठरवला. वास्तविक यमनचे सूफी पंधराव्या शतकात रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहावे म्हणून हाच कहवा पीत. पेय तेच होते. मग गुन्हा कशाचा?

१६३३ साली सुलतान मुराद चौथा याने कहवाखाने बंद करविले. शहरात मोठी आग लागून गेली होती. पण तिथे चालणारी राज्यकारभाराची चर्चाही दरबाराला खुपत होती. १६७५ मध्ये इंग्लंडचा राजा चार्ल्स दुसरा यानेही कॉफीगृहे बंद करण्याचा हुकूम काढला आणि थोड्याच दिवसांत मागे घेतला. धर्म वेगळे, भीती एकच: माणसे एकत्र बसली की बोलतात.

तेव्हा नीतीच्या नावाने एखादी बैठक मोडताना आपल्याला पापाची भीती वाटते की प्रश्नांची, हे आधी तपासले पाहिजे. अर्थात कहवाखान्याची थोरवी गातानाही एक गोष्ट विसरता येत नाही. तिथे शायर होते, शिपाई होते, व्यापारी होते, स्त्रिया नव्हत्या. त्यांची गुफ्तगू घरात आणि हमामात चाले. सर्वांची म्हणवणारी जागा अर्ध्या शहराला बंदच होती.

आमच्या टपरीवरही एकही मुलगी दिसत नाही. मुलांना हटकणे आम्ही थांबवू. ते सोपे आहे. पण त्यांच्याच वर्गातल्या मुलींनी उद्या हाच प्रश्न विचारला, तर आम्ही त्यांना कोणती जागा दाखवणार आहोत?