औषधाचे पाणवठे

तापीकाठच्या बऱ्हाणपुरात इ. स. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या कारकिर्दीत, सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपते पाणी भूमिगत बोगद्याने आणि एकमेकींस जोडलेल्या कुंड्यांच्या मालिकेने शहरात आणले गेले. हाच तो कुंडी भंडारा. अशा प्रवाहाचा स्वभाव असा की, वरच्या कुंडीत कोणी घाण टाकली, तर ती टाकणाऱ्यास बाधत नाही. खालच्या कुंडीवर घागर भरणाऱ्यास बाधते.

कर्माचे फळ कर्त्यासच मिळते, अशी आपली श्रद्धा. मग अनोळखी माणसाच्या पदरी पडणाऱ्या या फळाचा हिशेब कोणाच्या नावे मांडावा?

प्रतिजैविक औषधांनी हाच प्रश्न आपल्यापुढे ठेवला आहे. सर्दीपडसे बहुधा विषाणूंमुळे होते. त्यावर ही औषधे चालत नाहीत. तरीही ती घेतली म्हणजे नाकाघशात निमूटपणे नांदणाऱ्या न्यूमोकोकस जंतूंपैकी दुबळे मरतात, चिवट उरतात आणि शिंकाखोकल्यावाटे इतरांकडे जातात. त्यांतलाच एखादा कोणा बालकाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचला, तर गाठ प्राणाशी असते. रक्तातून तेथवर औषध थोडेच झिरपते. म्हणूनच शिरेवाटे दिल्या जाणाऱ्या पेनिसिलिनसाठी अमेरिकेतील प्रयोगशाळांनी २००८ साली दोन कसोट्या ठरविल्या: न्यूमोनियाचा जंतू मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम मात्रेने आवरला तरी चालते, मेंदूच्या आवरणात मात्र तो ०.०६ ने आवरला पाहिजे. एके ठिकाणी शरण येणारा जंतू दुसरीकडे अजिंक्य ठरतो.

पेनिसिलिनचे जनक फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात एक कल्पित गृहस्थ उभा केला होता. तो घसा दुखतो म्हणून स्वतःच अपुरे पेनिसिलिन घेतो. चिवट झालेला जंतू त्याच्या पत्नीस लागतो आणि ती दगावते. फ्लेमिंग यांनी दोष त्या गृहस्थाच्या माथी ठेवला.

परंतु डॉक्टरांची फी परवडत नाही म्हणून दुकानातून गोळी घेणारा बऱ्हाणपूरचा यंत्रमाग-कामगार तितकाच दोषी म्हणावा काय? तसे म्हणणे अन्याय होईल. ज्याला निवड आहे, त्याचीच जबाबदारी अधिक: चिठ्ठीवाचून औषध विकणाऱ्याची, मागितले म्हणून लिहून देणाऱ्याची, आणि ऐपत असून उतावीळ होणाऱ्या आपली. १ मार्च २०१४ पासून यांतील कित्येक औषधांच्या विक्रीची नोंद ठेवणे दुकानदारांस बंधनकारक आहे. पण नोंदवही विवेकाची जागा घेऊ शकत नाही.

संयम म्हणजे औषध नाकारणे नव्हे. मेंदूच्या आवरणाचा दाह झालेल्या रुग्णास ते विनाविलंब, पूर्ण मात्रेत मिळालेच पाहिजे. त्या घटकेला ते गुणकारी राहावे, एवढ्यासाठीच इतर वेळी आपण हात आवरावयाचा. ज्याचे नावही आपणांस कळणार नाही, त्याच्यासाठी पाणी निर्मळ ठेवणे, हाही धर्मच होय.